कारणाच्या तीन ओळी

गुरुवारी दुपारी अडीच वाजता सिग्रून म्हणाली की उद्या ती नसेल, आणि माझ्या तोंडून लगेच निघालं, "घरी सगळं ठीक आहे ना?" विचारलं इंग्रजीतच, पण काळजी शंभर टक्के अंबरनाथची होती. सिग्रून नॉर्वेतल्या आलेसुंड नावाच्या गावात बसते. तिची कंपनी मासे साफ करायची यंत्रं बनवते, त्या यंत्रांना लागणारी रबरी गास्केटं अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या आमच्या कारखान्यातून जातात, आणि त्या मालाचे कागद मी बघते. दर गुरुवारी आमचे अडीच आणि तिचे सकाळचे दहा अशा वेळी आम्ही दोघी स्क्रीनवर समोरासमोर बसतो. माझ्याच वयाची असेल, त्रेचाळीस-चव्वेचाळीस. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. घरी ठीक आहे, म्हणाली. मग कोण आजारी आहे? कुणीच नाही. कुणाचं लग्न वगैरे? नाही. आईवडील बरे आहेत ना? बरे आहेत. आता ती माझ्याकडे जरा निरखून बघायला लागली, आवाज नीट पोचत नाही की काय अशा शंकेने. मग म्हणाली, काही नाही गं, आमच्यात म्हणतात, याय तार फ्री. मी सुट्टी घेते. झालं. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं, खाली लिहून घेतलं, दोनदा म्हणून दाखवलं. ती हसली, बरं म्हणतेस म्हणाली. मी विचारलं, साहेबांना काय सांगितलंस? तर म्हणे, हेच. आणि त्यांनी विचारलं नाही, का म्हणून?

"का विचारतील?" सिग्रून म्हणाली. चेष्टा नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं की मी काय विचारतेय.

मग आम्ही मार्चच्या मालाचं बोललो. खोक्यांवरची लेबलं, बंदराचं नाव, नेहमीचंच. कॉल संपल्यावर मी कितीतरी वेळ त्या चिठ्ठीकडे बघत बसले. याय तार फ्री. उद्या काय करणार तेही मी विचारलं होतं तिला, आणि ती म्हणाली होती, ठरवलं नाही, कदाचित काहीच नाही. हे वाक्य एखादी बाई इतक्या सरळ तोंडाने बोलू शकते याचाच मला धक्का बसला होता. आमच्याकडे रजेचा एक छापील अर्ज आहे. उल्हासनगरच्या प्रेसमधून दोन-दोन हजारांनी छापून येतो. त्यात नावाला एक ओळ, खात्याला अर्धी, आणि कारणाला तीन ओळी. तीन. ज्याने तो अर्ज पहिल्यांदा बनवला त्याला माणसाच्या नावापेक्षा त्याच्या कारणात तिप्पट रस होता. टाइम ऑफिसला माया बसते, ती आधी त्या तीन ओळीच वाचते. पटलं नाही तर अर्ज बोटाने सरकवून परत करते, "नीट लिही" म्हणते. "घरगुती काम" तिला चालत नाही. कोणाच्या घरात काम नसतं, म्हणते. मग लोक लिहितात. आजारपणं, बारशी, कोर्टाच्या तारखा, आणि काहीच सुचेनासं झालं की मरणं. गेटवरचे धोंडिबा यातले जुने जाणकार. त्यांचा नियम सगळ्या कारखान्याला पाठ आहे: खोटं मरण लिहायचं तर जिवंत माणूस वापरायचा नाही, आधीच गेलेला घ्यायचा. जिवंताला लागतं, मेलेल्याला काय लागणार. या हिशोबाने धोंडिबांची एक मावशी आमच्या फायलीत चार वेळा वारली आहे, दोनदा तर एकाच वर्षात. मायालाही ते ठाऊक आहे. ती नुसती म्हणते, "मावशी फार सोसतेय हो तुमची."

मी ऐकून सगळ्यांबरोबर हसते. पण मी या नियमाच्या नेमकं उलटं करून बसले आहे. धोंडिबा मेलेल्यांना मारतात. मी मेलेल्या बाईला जगवते आहे. माझी आई, कौसाबाई, जाऊन येत्या एप्रिलात सहा वर्षं होतील, आणि आमच्या कारखान्यात ती अजून जिवंत आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकते, कारणाच्या पहिल्या ओळीत लिहिते, "आईला तपासणीस नेणे", आणि उरलेल्या दोन ओळी रिकाम्या सोडते. माझा अर्ज माया वाचतसुद्धा नाही. तीन ओळींतली एकच वापरून पास होणारी कारखान्यात मी एकटी.

हे असंच चाललं असतं. पण त्याच गुरुवारी चारच्या चहाला भूपेश सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मोठे शेठ मागच्या वर्षी वारले, तेव्हापासून कारखाना तेच बघतात. उल्हासनगरच्या कॅम्प चारला घर, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, मला दीदी म्हणतात. मला म्हणाले की घरी पप्पांची व्हीलचेअर पडून आहे, चांगली आहे, चाकं नवी टाकली होती. तुमच्या मम्मीचे गुडघे एवढे वाईट, तुम्ही तिला दर महिन्याला रिक्षात चढवता-उतरवता, आम्हालाच आधी सुचायला हवं होतं. शनिवारी टेम्पो बदलापूरकडे जाणारच आहे, मी स्वतः घेऊन येतो कात्रपला. मम्मीच्या पायापण पडतो, पप्पा नेहमी म्हणायचे, एकदा जाऊन ये. मी थँक्यू सर म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ते गेले, आणि माझ्या चहावर साय धरली. शनिवार म्हणजे परवा.

घरी जाताना शेअर रिक्षात मी विचार करत होते की याची सुरुवात नक्की कुठे झाली. लोकांना वाटेल, खोटं बोलायचं म्हणून बोलले. तसं नव्हतं हो. आई गेली ती पहिल्या लॉकडाऊनमध्ये. कारखाना बंद, रस्ते बंद. तिला कोरोना वगैरे झाला नव्हता. सकाळी चहा घेतला, पाय सुजलेत आज म्हणाली, पाटावर पाय ठेवून खुर्चीत बसली आणि तशीच गेली. माझा भाऊ संतोष पनवेलला. त्याला पास मिळून तो येईपर्यंत सगळं उरकलं होतं. स्मशानात चौघं होतो, त्यातले दोघे तिथलेच. रडायला कुणी आलं नाही, भाकरी घेऊन कुणी आलं नाही, शेजारच्यांनी दारातून हात जोडले. पुढचे दोन महिने मी आणि रिकामी खुर्ची. जूनमध्ये कारखाना उघडला त्या दिवशी गेटवर मोठे शेठ स्वतः उभे होते, हातात ते कपाळाला लावायचं यंत्र. प्रत्येकाला विचारत होते, घर पे सब ठीक? आणि रांगेतला प्रत्येकजण म्हणत होता, ठीक. माझ्यापुढचा म्हणाला ठीक, त्याच्या पुढचा म्हणाला ठीक. माझी पाळी आली. "अम्मा कैसी है?" त्यांनी मला वेगळं विचारलं, कारण आईच्या तपासणीसाठी दुसरा बुधवार त्यांनीच मला लावून दिला होता. मी म्हटलं, ठीक आहे. मागे रांग खोळंबली होती. खरंच एवढंच झालं. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग सोमवारी सांगू म्हटलं, आणि मग दुसरा बुधवार आला. माया स्वतःहून कोरा अर्ज घेऊन आली, म्हणाली, आईचा बुधवार ना आज. मी पेन उचललं, आणि हाताने सवयीने लिहिलं.

एकदा लिहिल्यावर आई कारखान्यात हळूहळू माझ्या हाताबाहेर गेली. तिला साखर होती ती कमी झाली, मग वाढली. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही यावर डबा खाताना चर्चा झाल्या, आणि मी दोन्ही बाजूंनी बोलले. मायाने गावाकडून तेल आणून दिलं; ते मी माझ्याच गुडघ्यांना लावलं, आणि गुण आला म्हणून सांगितलं, तो खरंच आला होता. दर दिवाळीला मोठे शेठ आईसाठी वेगळा, बिनसाखरेच्या मिठाईचा डबा पाठवायचे. मी तो कात्रपच्या गॅलरीत उभी राहून एकटी खायचे, एकेक तुकडा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. कुणी नुसतं "कशी आहे" म्हटलं तरी वाटायचं, याला कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ठीक आहे. पण मूठ सहा वर्षं झाकून ठेवली की बोटं दुखतात, ती उघडायची कशी तेच विसरायला होतं.

आणि त्या अर्ध्या दिवसांत मी करत काय होते? हे कुणी विचारलं असतं तर मला सांगताच आलं नसतं, इतकं ते क्षुल्लक होतं. मी घरी यायचे. साडेतीनला कुलूप काढायचे, साडी सैल करायचे आणि आईच्या खाटेवर आडवी व्हायचे. झोपायचे नाही. डोळे उघडे. दुपारी आपलं घर कसं असतं हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. साडेतीनला उन्हाची एक पट्टी फ्रिजच्या दारावर येते, चारला ती भांड्यांच्या मांडणीवर चढते. शेजारी कुकरच्या शिट्ट्या नसतात, नुसता पंखा. खाली बनूबाई सुकट-बोंबील घेऊन येते, तिची हाळी दुसऱ्या मजल्यापर्यंत येता येता अर्धी होते. शाळा सुटते, जिन्यात चपलांचा धडाका होतो. मी पडून ऐकायचे. कधी रडायचे, बहुतेक वेळा नाही. सहा वाजता उठून चहा करायचे तेव्हा अंग हलकं झालेलं असायचं. मग लगेच मनात यायचं, हे आईमुळे मिळालं. तिच्या नावावर मिळालं. आणि सगळ्यात वाईट शंका त्याच्या मागोमाग यायची, की मी आईला जपतेय की या अर्ध्या दिवसाला? तिचं मरण सांगितलं असतं तर बुधवार गेला असता. म्हणून नाही सांगितलं का? ही शंका मला आजही पुरती फेडता आलेली नाही, उगाच कशाला नाकारू.

आई स्वतः सुट्टी या शब्दाला हसायची. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारच्या कडेला राहायचो तेव्हा ती जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. कारखाना म्हणजे एक लांब खोली. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कात्रीने छाटायचे, नगावर पैसे. बोटं कायम निळी. भात कालवतानाही निळी. बसलीस तर बस, नग पडले नाहीत एवढंच. तिला सुट्टी कुणी नाकारली नव्हती, तिला ती मागायची जागाच नव्हती. त्या गल्लीच्या तोंडाशी एक सिंधी माणूस दाल पकवानची गाडी लावायचा, सकाळी आठ ते अकरा. त्याचा वास खोलीत यायचा. मी शाळेला जाताना एकदा म्हटलं, आई, आज खाऊया? तर म्हणाली, "दाल पकवान खायला दहा वाजता मोकळं असावं लागतं गं." रविवारी कधीतरी ती पुडीत बांधून आणायची. घरी येईपर्यंत पकवानाची कडक पुरी मऊ पडलेली, डाळ कागदाला चिकटलेली. तरी आम्ही तिघं बोटं चाटायचो. पुढे मी नोकरीला लागले, कर्ज काढून कात्रपला घर घेतलं, तिला म्हटलं, आता आराम कर. ती दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या सगळ्या जुन्या कपड्यांचे धागे कापायला घेतले.

घरी पोचल्यावर मी दिवा लावला, तिच्या फोटोपुढे नेहमीसारखी उदबत्ती लावली, आणि पिठलं हलवता हलवता मला उपाय सुचला. इतका सोपा की मी गॅस बारीक केला. आईला उद्या मारायचं. धोंडिबांचा नियमही मोडत नव्हता. गेलेलंच माणूस होतं. सकाळी लवकर भूपेश सरांना गाठायचं आणि म्हणायचं, सर, काल आई गेली. बघा ना, त्या वाक्यात खोटा शब्द एकच होता, काल. बाकीचं सगळं खरं. एवढा एक शब्द बोलले की शनिवारची खुर्ची टळत होती, सहा वर्षांचं खोटं एका फटक्यात खरं होत होतं, आणि मला ते सगळं मिळणार होतं जे तेव्हा मिळालं नाही. माया गळ्यात पडून रडली असती. धोंडिबा टोपी काढून उभे राहिले असते. सुतकाची रजा मिळाली असती, कुणीतरी डबा घेऊन आलं असतं. मी पिठल्यात पळी तशीच धरून उभी होते आणि मला हे सगळं हवंसं वाटत होतं, खरंच, तोंडाला पाणी सुटावं तसं. मी आरशात बघून दोनदा म्हणूनही बघितलं. आवाज अगदी बरोबर फुटला. फोटोतली आई बघत होती. मग का कोण जाणे, ते दुपारचं वाक्य तोंडात आलं, याय तार फ्री, आणि मी तेही आरशात म्हणून बघितलं. हे म्हणताना चेहरा करावा लागत नव्हता. तेवढाच फरक जाणवला, आणि त्यावर मी फार विचार केला नाही. पिठलं खाली लागलं होतं.

शुक्रवारी मी साडेआठलाच गेटवर पोचले. धोंडिबांनी विचारलं, "लवकर आज? आई बरी ना?" मी उत्तर न देता आत गेले, आणि हे उत्तर न देणंही उपयोगी पडेल, नंतर ते म्हणतील, सकाळी बोलली नाही हो पोरगी, असला हिशोब माझं डोकं करत होतं. स्वतःची किळस आली. मशिनं नुकती तापत होती, जळक्या रबराचा वास सुटला होता. भूपेश सर केबिनमध्ये होते. मी दार ढकललं, आणि समोर ती खुर्ची. आदल्या संध्याकाळीच त्यांनी ती घरून आणून ठेवली होती, टेबलाच्या बाजूला, जणू कुणीतरी मीटिंगला येऊन बसणार आहे. काळं रेक्झिन. डाव्या हातावर पांढरा पंचा गुंडाळून सुतळीने बांधलेला, कोपर घासू नये म्हणून. मोठ्या शेठच्या बायकोने बांधला असणार. आणि बैठकीत मधोमध खोलगट झालेलं. माणूस उठून गेला तरी रेक्झिन वर आलं नव्हतं. आईच्या खुर्चीची वेताची बैठक अशीच झाली होती. ती खुर्ची मी अजून टाकलेली नाही.

"सर, आई गेली," मी म्हटलं.

ते ताडकन उभे राहिले. "अरे… कधी?"

काल हा शब्द जिभेवर तयार होता, तो नुसता सोडायचा होता. मी खुर्चीच्या त्या खळग्याकडे बघत होते. माणूस जिथे बसायचा तिथे असं दिसतं, आणि मी माझ्या आईला आज पुन्हा एकदा, कारखान्याच्या सोयीने, काल मारणार होते. तिचा खरा दिवस होता. एप्रिलची सतरा तारीख, सकाळचे सव्वानऊ. पाटावर पाय. तो दिवस मी अजून कुणालाच दिला नव्हता. काल म्हटलं की तो कायमचा गेला असता.

"सहा वर्षं होतील एप्रिलमध्ये," मी म्हटलं.

बाहेर रबर दाबायची प्रेस सुरू झाली होती, तिचे ठोके ऐकू येत होते. भूपेश सर हळूच खाली बसले. मी सगळं सांगितलं. गेटवरची रांग, ठीक, मायाने आणलेला अर्ज, तेल, मिठाईचे डबे. सांगताना थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते, म्हणून थांबले नाही. त्यांनी फक्त एकदा विचारलं, मग बुधवारी तुम्ही करत काय होता? घरी पडून राहत होते, म्हटलं. बस? बस. त्यांना राग आला होता, ते दिसत होतं, आणि तो मला योग्यच वाटला. मग म्हणाले की पप्पा रोज पूजेत तुमच्या मम्मीचं नाव घ्यायचे, घरातल्यांच्या नावांनंतर, शेवटपर्यंत. त्यांना तरी सांगायचं होतं, दीदी. मी उभीच होते. नोकरी जाते की काय हेसुद्धा त्या वेळी डोक्यात नव्हतं; मला एवढंच वाटत होतं की त्या म्हाताऱ्याने जाईपर्यंत रोज माझ्या आईसाठी हात जोडले, आणि स्मशानात चौघंच होतो असं मी समजत आले.

भूपेश सर उठले, खुर्चीपाशी आले, तिचा ब्रेक उगाच लावला, काढला. "सच बोलू?" ते म्हणाले. "वर्ष झालं, ही घरातून निघत नव्हती. मम्मी काढू देत नव्हती, मीपण नाही. तुमच्या मम्मीसाठी म्हटलं, तेव्हा निघाली." मग ते जरासे हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं. कारण मिळालं होतं त्यांना, चांगलं तीन ओळींचं, आणि मी ते काढून घेतलं होतं. मी म्हटलं, राहू द्या सर इथेच थोडे दिवस. त्यांनी मला जायला सांगितलं. मी दाराशी पोचले तेव्हा ते मागून म्हणाले की तो बुधवार आता बंद. मी मान हलवली. आणि तुमची एवढी रजा पडली आहे, दीदी, ती मम्मीच्या नावावर नका घेऊ आता. तुमच्या नावावर घ्या.

दिवसभर मी काम केलं. सिग्रूनला पाठवलेल्या एका मेलला तिकडून आपोआप उत्तर आलं, ती आज नाही, सोमवारी भेटेल. का नाही ते त्यात कुठेच नव्हतं. दुपारपर्यंत मायाला कळलं होतं. ती माझ्याशी बोलली नाही. डबा खाताना दुसऱ्या टेबलावर बसली, तेही बरोबरच होतं. पाच वाजता मी तिच्याकडे गेले आणि कोरा अर्ज मागितला. तिने न बघता काढून दिला. मी तिथेच उभ्याने भरला. नाव, एक ओळ. खातं. तारीख, सोमवार, पूर्ण दिवस. कारणाच्या तीन ओळींवर पेन आलं आणि तिथेच अडलं. सवय वाईट. काहीतरी लिहावंच, नाहीतर कागद उघडा दिसतो. दातांचा डॉक्टर लिहू का, लाइटबिल, संतोषकडे पूजा. तिन्ही सुचली, तिन्ही पटण्यासारखी होती. मी टोपण लावलं आणि अर्ज आत भूपेश सरांकडे नेला. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, त्या मोकळ्या जागेवर थोडा वेळ थांबले, आणि खाली सही केली. तो मायाच्या टेबलावर आणून ठेवला. तिने बघितला. बोट सवयीप्रमाणे सरकवायला पुढे आलं.

"कारण राहिलंय," माया म्हणाली. दिवसभरातलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"राहू दे," मी म्हटलं.

तिने सही बघितली, माझ्याकडे बघितलं. डोळे तिचे लाल होते. शिक्का उचलला, अर्जावर जरा जोरातच मारला, आणि पाठ वळवून फाइल काढताना म्हणाली की तेलाची बाटली संपली असेल तर सांग, गावाहून येणार आहे कुणीतरी. मला तिथेच रडू आलं. सहा वर्षांचं सगळं नाही, पण आलं, टाइम ऑफिसच्या खिडकीसमोर, घरी निघालेल्या माणसांच्या देखत. कुणीतरी स्टूल दिलं. धोंडिबांनी पाणी आणलं. कुणी काही विचारलं नाही, त्यांना काय काय ठाऊक होतं ते मला माहीत नाही.

सोमवारी मी घरी पडून राहिले नाही. उठायच्या वेळेलाच उठले, जरा बरी साडी नेसले आणि उल्हासनगर गाठलं. कॅम्प चारची गल्ली पुष्कळ बदलली आहे, आईची ती कामाची खोली कुठली तेसुद्धा शोधावं लागलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. पण गाडी होती. आता त्या सिंधी माणसाचा मुलगा असावा, कानात बाळी, हात तसेच भराभर चालणारे. गाडीसमोर चार प्लास्टिकची स्टुलं. दहाला पाच कमी होते. थंडी होती, उन्हात बरं वाटत होतं. मी एका स्टुलावर बसले आणि पिशवी शेजारच्यावर ठेवली. प्लेट आली. पकवान कडक, एवढं मोठं, डाळ वाफाळती, वर हिरवी चटणी आणि बारीक कांदा. मी हात लावला नाही. वास घेत बसले. हा वास असा निवांत बसून मी कधीच घेतला नव्हता, आणि तिनेही नाही. गल्लीतून माणसं कामाला चालली होती, कपड्यांचे गठ्ठे डोक्यावर. एक बाई थांबून प्लेट मागून उभी राहिली. साठीची असेल, हातात कापडी पिशवी, बसायला जागा बघत होती.

"दीदी," गाडीवाला मला म्हणाला, माझ्या पिशवीकडे हात करून, "और कोई आने वाला है क्या?"

मी पिशवीकडे बघितलं. मग ती उचलून मांडीवर घेतली.

"नाही," मी म्हटलं. "मी एकटीच आहे. बसा मावशी." ती बाई बसली, हुश्श म्हणाली, आणि माझ्या प्लेटकडे बघून म्हणाली की खा पोरी, मऊ पडतं ते. मी पकवान मोडलं. चांगलं खणखणीत मोडलं.